झुमरी तलैया सापडलं

नाशिक,
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. झुमरी तलैयाची पैज हरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

गेल्या महिन्यात पुतणीकडे धनबादला निघालो होतो, कोलकाता मेलने. गया मागे पडलं, मग घाट, मग कोडरमा. समोरचे गृहस्थ सामान काढायला लागले. सहज विचारलं, इथेच राहता का? म्हणाले, "नहीं, झुमरी तलैया." लेका, हातातला चहा सांडला! तुमच्या ओट्यावर घसा फोडून मी सांगायचो की असलं गाव नाहीच, रेडिओवर गाण्यांच्या फर्माइशीत ते सारखं ऐकू येतं खरं, पण फर्माइशी कमी पडल्या की विविध भारतीवाले नावं रचतात. शाळेच्या नकाशात आपल्याला सापडलं नव्हतं तेही बरोबरच, कारण स्टेशनला नाव कोडरमा आणि गाव शेजारीच. अभ्रकाच्या खाणींचा मुलूख. ते गृहस्थ हसले. परगावचा कुणीही भेटला की पहिला प्रश्न हाच असतो म्हणे. दोन मिनिटांत उतरूनही गेले. मी मात्र धनबादपर्यंत तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणत बसलो.

पण फार हुरळू नकोस. तुझ्याही थापा निघाल्यात. आठवतंय, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर सिनेगाण्यांची गीतमाला लागली की आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा, आणि तू म्हणायचास, "ती खरखर नाही, कोलंबोचा समुद्र आहे, निवेदक अमीन सायानी खिडकीशी बसलाय"? अरे, तो माणूस मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा! टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून हवेतून आपल्याकडे परत. मुंबई ते नाशिक व्हाया सिलोन. कसला समुद्र नि कसली खिडकी.

आणि तुझे अप्पा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचं नाव निघालं की त्यांना ठसकाच लागायचा. "आपला मराठी माणूस, आणि त्यानेच रेडिओवरून पेटी घालवली!" अप्पा पेटी वाजवायचे, तेव्हा राग समजण्यासारखा होता, पण माणूस चुकीचा. आकाशवाणीवर पेटीला बंदी आली 1940 साली, इंग्रजांच्या अमदानीत. केसकर नभोवाणी मंत्री झाले 1952 मध्ये. त्यांनी ती उठवली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. सिनेगीतांचंही तसंच. त्यांना ही गाणी आवडत नव्हती, त्यांनी वेळ कापली, चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात म्हणून तेही बंद केलं. मग सिनेनिर्मात्यांनीच चिडून गाणी वाजवायची परवानगी काढून घेतली. दोघांच्या भांडणात सिलोनचं फावलं, गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती यायला 1957 उजाडलं. अप्पा असते तर हे त्यांना पटलं नसतंच, पण वाद काय रंगला असता!

लताबाईंच्या पंचवीस हजार गाण्यांवरून तू माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होतास. गिनीज बुकात छापलंय म्हटल्यावर माझं तोंड बंद. आता हिशेब कर. 1948 ते 1974 ही सव्वीस वर्षं. सुट्टी न घेता रोज अडीचपेक्षा जास्त गाणी! रफीसाहेबांनीही तेव्हा गिनीजला पत्र लिहून हरकत घेतली होती, पण त्यांचा स्वतःचा आकडा अठ्ठावीस हजार, म्हणजे तोही तसलाच. पुढे गाणी एकेक करून मोजणारे भेटले. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी तर हिंदी सिनेगीतांचे दशकादशकाचे कोश केले. बाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच-सहा हजारांच्या आसपास येतात. मला विचारशील तर हा आकडा जास्त मोठा वाटतो, कारण तो खरा आहे.

एक मात्र तुझं कबूल. 'महल' सिनेमाच्या तबकडीवर लताबाईंच्या गाण्याला गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, हे तू सांगितलंस तेव्हा मी खो खो हसलो होतो. मधुबालाच्या पात्राचं नाव गायिकेच्या जागी! खरं निघालं. श्रोत्यांनी विचारून विचारून भंडावल्यावर रेडिओवर लताबाईंचं नाव आलं.

वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीत येतोस ना? मिसळ माझ्याकडे लागली, दोन प्लेट, तर्री हवी तेवढी. पण स्टेशनावरची पाटी मी डोळ्यांनी वाचलीय, तिच्यावर कोडरमाच लिहिलंय. तेव्हा पावाचे पैसे तू द्यायचेस.

तुझाच,
सुऱ्या