वाढदिवसाचा केक राहू दे मॅडम, जून महिन्याचं बघा

मा. महिला व बालकल्याण मंत्री, कर्नाटक सरकार यांना,

नमस्कार मॅडम,

माझं खानापुरात स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. वह्या, पेनं, कंपास, आहेराची पाकिटं, झेरॉक्स. तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या, मराठी तुमच्या कानावर रोज पडत असणार, म्हणून मराठीतच लिहितोय. आणि आधीच सांगतो, हे सीमाप्रश्नाचं पत्र नाही, त्याला दुसरी माणसं आहेत.

आमच्या तालुक्यात चर्चच्या सिस्टर लोक चालवतात असं एक मुलींचं बालगृह आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की लोक शोधत जातात आणि पोरींचे फोटो काढतात. आमचं घर माळकरी, वडिलांनी शेवटपर्यंत वारी चुकवली नाही, तरी गेली बारा वर्षं त्या बालगृहाच्या वह्या माझ्याच दुकानातून जातात, बऱ्याचदा उधारीवर. गावात कोणीतरी विचारतंच, काय रे तू तिकडं कसा काय, तिथं पोरांना बाटवतात म्हणे. मी म्हणतो, चल माझ्यासोबत, बघून ये. अजून एकही माणूस आलेला नाही.

तर मुद्दा असा की आमच्या भागात द्यायला माणसं कमी नाहीत. दसरा, दिवाळी, नाताळ, कोणाच्या आईचं वर्षश्राद्ध, कोणाच्या पोराचा पहिला वाढदिवस, सगळे बालगृहात येतात. सिस्टरनी त्यासाठी एक डायरीच ठेवलीय, हॉलच्या बुकिंगसारखी. तरी मागच्या 26 जानेवारीला एकाच दिवशी तीन पार्ट्या आल्या, सकाळी आमच्या भजनी मंडळाचा शिरा-पुरी, दुपारी एका ट्रान्सपोर्टवाल्याची बिर्याणी, आणि संध्याकाळी कोणीतरी बेळगावहून केक आणि कुंदा घेऊन आलं. तिसरीतली एक पोरगी ताटासमोर नुसती बसून होती, पोटात जागाच नव्हती बिचारीच्या, आणि पाहुणे म्हणत होते खा की ग, लाजू नको. मग बघितलं तर तिनं कुंद्याचा तुकडा वहीच्या पानात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला. कंपास माझ्याच दुकानातला. तिचा भाऊ मुलांच्या बालगृहात असतो, बेळगावला, महिन्यातनं एकदा भेट. तोपर्यंत तो कुंदा राहणार थोडाच, पण ठेवला तिनं.

आणि जूनमध्ये? जूनमध्ये कोणी नसतं. शाळा सुरू होते, प्रत्येकीला दुरेघी, चौरेघी, दोनशे पानी, नकाशा वही लागते, कन्नड माध्यमाच्या पोरींचं वेगळं, मराठीच्या पोरींचं वेगळं. पाऊस सुरू झालेला, छत्र्या, दप्तरं, त्यात दोन-तीन पोरी तापानं पडलेल्या. लाईट बिल, गॅस, रात्री थांबणाऱ्या बाईचा पगार. तांदळाचं पोतं सगळे देतात, लाईट बिल कोण भरत नाही. भरायचं तर बोर्डावर नाव येत नाही ना.

देणाऱ्याची चूक आहे असंही नाही म्हणत मी, त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आमच्या बाजारातला व्यापारी विचारतो पावती मिळणार काय. त्याला हे माहीत नसतं की 80जी मध्ये, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्सच्या सवलतीत, वस्तू चालत नाहीत, 2000 च्या वर कॅश चालत नाही, आणि नवी टॅक्स रिजीम घेतली असली तर ती सवलतच नाही. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये बँकेतनं गेलेले बालगृहाला जास्त उपयोगाचे आणि हिशेबालाही सरळ. मी तसे सहा दुकानदार गोळा केलेत, दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातात. दोघं गळाले मध्येच, चालायचंच.

पण खरी गोष्ट पुढं आहे मॅडम, आणि त्यासाठीच हे पत्र.

या बालगृहातल्या सगळ्या पोरी काही अनाथ नाहीत. कोणाची आई धुणीभांडी करते, कोणाची निपाणीकडं तंबाखूच्या कामाला, कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेले की मागं बघायला कोणी नसतं. एका पोरीची आजी आहे, जंगलाकडच्या वाडीत राहते. आजी बसनं येते, शक्ती योजनेमुळं तिकीट लागत नाही, तेवढं एक बरं झालं. येताना वल्ल्या शेंगा नाहीतर फणसाचे गरे आणते. मी एकदा विचारलं, आजी, पोरीला घरीच का नेत नाहीस? तर म्हणाली, नेईन की रे, खायला काय घालू. सिस्टर पण हेच म्हणतात, पोर घरात राहू शकत असेल तर इथं कशाला, आमचं दुकान चालावं म्हणून पोरी ठेवतो का आम्ही.

आता सरकारकडं याला उपाय आहे. मिशन वात्सल्य म्हणून मुलांच्या संरक्षणाची सरकारी योजना आहे, त्यात स्पॉन्सरशिप आहे, अशा घराला पोरामागं महिन्याला 4000 रुपये. केंद्र आणि राज्य मिळून देतात. 2015 च्या बालन्याय कायद्यात कलम 45 ला स्पॉन्सरशिप लिहिलंय, 44 ला फॉस्टर केअर, म्हणजे पोर दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं. चार हजारात ती आजी पोरीला राणीसारखी ठेवेल. पण ही योजना आजीला माहीत नव्हती, आमच्या भजनी मंडळात एकालाही माहीत नव्हती, आणि खरं सांगू, मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती.

मग आम्ही अर्ज केला. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, तिथल्या क्लार्कवर राग नाही माझा. फॉर्म कन्नडमध्ये. आजीला कन्नड येत नाही आणि लिहायला तर काहीच येत नाही. मी मराठीत लिहून दिलेला कागद परत आला, कन्नडदल्लि बरीरी म्हणून. मला कन्नड येतं, शाळेत शिकलोय, लिहिलं मी. पण दरवेळी स्टेशनरीवाला सोबत असणार काय? जिथं पंधरा टक्क्यांच्या वर दुसऱ्या भाषेची माणसं आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे 1956 पासून केंद्रानं ठरवलेलं आहे. खानापुरात तर पंधरा टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. फॉर्म कन्नडमध्येच भरून घ्या हवं तर, मागच्या बाजूला मराठीत समजावून सांगा, एवढंच. नंतर उत्पन्नाचा दाखला, मग आधारवर आजीचं नाव एक आणि रेशन कार्डवर वेगळं, मग बँकेचं खातं बंद पडलेलं. आठ महिने झाले. पोरगी अजून बालगृहातच आहे.

आणि तपासणीचं. कायद्याप्रमाणं कलम 54 ची कमिटी दर तीन महिन्यांनी प्रत्येक बालगृहात गेली पाहिजे, किमान तीन माणसं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर. छान आहे की. मग तो रिपोर्ट, पोरींची नावं वगळून, तालुक्याच्या बोर्डावर लावा ना. मठाचं असो, चर्चचं असो, मदरशाचं असो, सगळ्यांचं. बाटवतात म्हणणाऱ्याला उत्तर मिळेल, आणि जिथं खरोखरच काही वाईट चाललंय तेही बाहेर येईल, तसली पण ठिकाणं असतात, आपण डोळे झाकायला नकोत. कलम 41 ची नोंदणी आहे की नाही तेही त्याच बोर्डावर लिहा, म्हणजे पैसे देणाऱ्याला आधीच कळेल.

त्याच्याच बाजूला एक गरजांची यादी, दोन्ही भाषांत. या महिन्यात काय पाहिजे, काय नको. तांदूळ नको, सॅनिटरी पॅड पाहिजेत, असं सरळ. सिस्टरना पाहुण्यांसमोर हे बोलायला संकोच वाटतो, सरकारी कागदावर असलं की कोणाला राग येत नाही.

फोटोचं पण बघा. कलम 74 नं पोरांची ओळख उघड करायला बंदी आहे, शिक्षा आहे त्याला, आणि तरी दर वाढदिवसाला पोरींचे चेहरे स्टेटसवर असतात, पुढाऱ्यांच्या पण. पुढाऱ्यांपासून सुरुवात केलीत तर बाकीचे आपोआप थांबतील असं मला वाटतं. कदाचित चुकत असेन.

डिसेंबरमध्ये बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधला अधिवेशनाला तुम्ही याल तेव्हा एक दिवस इकडं या, हलग्यापासून खानापूर काही लांब नाही. कार्यकर्ते आणि कॅमेरे बाहेर ठेवा, हार आणू नका. आणायचंच असेल तर चौरेघी वह्या आणा, दुरेघी आहेत अजून. आणि त्या आजीची फाईल कुठं अडकलीय तेवढं त्या दिवशी विचारून घ्या, अर्जाची झेरॉक्स माझ्या दुकानात आहे.

आपला,
एक वहीवाला, खानापूर