कितव्या पानावर थांबलात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या ‘सध्या काय वाचताय?’ या सदरातली वाचकांची पत्रे खान्देशातल्या वाचनालयांच्या फळ्यावर लागतात. सदर चांगले आहे, ते चालू राहावे. पण त्यातल्या अभिप्रायांवरून वाचनालयासाठी पुस्तके मागवायला बसले की हात आखडतो. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि पुढे ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘संग्रही असावे असे’. आवृत्ती कोणती, पाने किती, अनुवाद कोणाचा, किती वाचून झाले, कुठे कंटाळा आला, यातले काहीच नाही. लग्नपत्रिकेतल्या ‘उपस्थिती प्रार्थनीय’ला जेवढा अर्थ, तेवढाच या ‘अप्रतिम’ला उरला आहे.

चूक वाचकांची नाही, प्रश्नाची आहे. ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारले की माणूस भिडेखातर ‘छान’ म्हणतो. पंगतीतून उठताना ‘जेवण कसे झाले?’ विचारल्यावर म्हणतो तसेच. त्याऐवजी ‘कितव्या पानावर आहात?’ असे विचारावे. थांबला असाल तर कुठे? कोणता भाग घरात कोणाला वाचून दाखवला? ओळखीत कोणाला हे पुस्तक द्याल आणि कोणाला मुळीच देणार नाही? या प्रश्नांना ‘छान’ हे उत्तर बसतच नाही. शाळकरी मुलांच्या पत्रांत तर प्रत्येक पुस्तकातून काहीतरी ‘शिकायला मिळालेले’ असते, कारण वर्गात तेवढेच विचारले जाते. त्यांना ‘यातल्या कोणाशी तुझे भांडण होईल?’ असे विचारून पाहा, दोन ओळींत पुस्तक समोर उभे राहते.

देवघेवीची वही इथे फारशी कामाला येत नाही. तिच्यात दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, नेल्याची तारीख आणि परतीची तारीख एवढेच असते. पुस्तक घरी गेले हे कळते. वाचले गेले की टीव्हीवर पडून राहिले, हे कळत नाही. त्यात खेड्यात घराला सभासदत्व एकच, तेही बहुधा आजोबांच्या नावावर. त्यामुळे वहीप्रमाणे एकच सत्तरीतले गृहस्थ एका महिन्यात लोणच्याची पुस्तके, पोलीस भरतीची प्रश्नपत्रिका आणि भुतांच्या गोष्टी वाचून काढतात. या वहीवरून ‘लोकप्रिय पुस्तके’ ठरवणे म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बघून शेतात कोण राबते ते सांगणे.

खरी साक्ष पुस्तकाच्या कडेला मिळते. पुस्तक मिटावे आणि पाने उलटतो ती कड उजेडाकडे धरावी. वाचलेल्या पानांची कड मळकट, किंचित फुगलेली दिसते. न वाचलेल्यांची पांढरी आणि घट्ट. 300 पानांच्या कादंबरीत हा मळका पट्टा 80व्या पानाशी संपत असेल, तर पुस्तक कितीही जणांनी नेलेले असो, बहुतेकांनी ते तिथेच ठेवून दिले. कथासंग्रहात मधलाच एक पट्टा काळवंडलेला असेल, तर ती एक कथा लोक शोधून वाचतात. पाककृतींच्या पुस्तकात कड बघायचीही गरज नाही, तेलाचे बोट उमटलेले पान आपोआप उघडते.

मात्र वाचक थांबला म्हणजे लेखकच फसला असे नव्हे. पुस्तक फर्म्या-फर्म्याने बांधले जाते आणि फर्मा, म्हणजे एका मोठ्या छापील कागदाच्या घड्या घालून केलेला पानांचा जुडगा, बहुधा 16 पानांचा असतो. बांधणीत एखादा फर्मा राहिला की 96 नंतर एकदम 113 येते. सातवा फर्मा गायब. कधी तोच फर्मा दोनदा लागतो आणि 112 नंतर पुन्हा 97 सुरू होते. वाचक पान क्रमांक बघत नाही. ‘लेखकाने मध्येच धागा सोडला’ असे म्हणून तो पुस्तक परत करतो, आणि अभिप्राय छापून आला तर बिचाऱ्या लेखकाच्या माथी दोष कायमचा बसतो. म्हणून पुस्तक दाखल करतानाच 17, 33, 49, 65, 81, 97 अशी सांध्यावरची पाने उघडून पाहावीत. प्रस्तावनेची पाने त्याच आकड्यांत मोजलेली नसतील तर सांधे थोडे सरकतात, तेवढा हिशेब ठेवावा. सदोष प्रत बिलासह लगेच परत पाठवली तर सहसा बदलून मिळते. शिक्का मारून, दाखल क्रमांक टाकून सहा महिन्यांनी पाठवली तर वाद होतो.

दुसरे कारण आपल्या उन्हाळ्याचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. हल्लीची बरीच पुस्तके शिवलेली नसतात, पाठीला नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतात. पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत चार दिवस राहिली की तो गोंद पकड सोडू लागतो, आणि पुस्तक एकदम सपाट उघडले की पाने सुटतात. सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे सोबत घेऊन निघते. पाने ठोकून एका ओळीत करावीत, पाठीवर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यावा आणि रात्रभर विटेखाली ठेवावे. दाभणाने भोके पाडून शिवायचे तर आतला समास आधी मोजावा. तो बोटभरही नसेल तर शिवणीत ओळींची टोके जातात, आणि मग ते पुस्तक खरोखरच वाचता येत नाही.

वाचकाचे मत गोळा करायला आमच्या मते चिठ्ठी सर्वांत सोपी. ए-फोर कागदाचे आठ तुकडे करावेत. 100 चिठ्ठ्यांना 13 कागद लागतात. चिठ्ठीवर तीनच गोष्टी: पूर्ण वाचले की अर्धवट, थांबलात ते पान, आणि एक ओळ. नाव मागू नये. नाव आले की ‘छान’ आले. चिठ्ठी पुस्तकात सुटी ठेवावी. खळीने चिकटवली तर झुरळे आणि कसर येते, पिन मारली तर पावसाळ्यात गंज उतरतो. परत आलेल्या चिठ्ठ्या काउंटरवरच्या माणसाने वाचकासमोर वाचू नयेत, डब्यात टाकाव्यात. एकाच पुस्तकाच्या पाच-सहा चिठ्ठ्या एकमेकींपासून 10-15 पानांच्या आत थांबल्या असतील, तर ती जागा उघडून पाहायची: फर्मा गेलाय, अनुवाद अडखळतोय, की खरेच लेखक रेंगाळलाय.

आता आवृत्तीबद्दल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, 60 वर्षे लेखनाचा हक्क राहतो. म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात. ‘श्यामची आई’च्या पूर्ण, संक्षिप्त, सचित्र अशा प्रती म्हणूनच शेजारी शेजारी विकायला असतात. पूर्ण पुस्तकात 42 रात्री आहेत. अनुक्रमणिका मोजायला अर्धा मिनिट पुरतो, पण ते न करता ‘पुस्तक लहानपणी मोठे वाटले होते, आता आटोपशीर वाटले’ असे लिहिणाऱ्याने कदाचित निम्मेच वाचलेले असते. अनुवादित पुस्तकाबद्दल ‘भाषा जड आहे’ म्हणताना ती मूळ लेखकाची की अनुवादकाची, हे सांगावे. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर नसले तर आतल्या पानावर सापडते.

बोलीतल्या पुस्तकांची अडचण निराळी. अहिराणीचे लेखन अजून एका वळणावर बसलेले नाही. ‘काय करी ऱ्हायना’ (काय करतो आहे) यातला शेवटचा शब्द कुठे ‘ऱ्हायना’ छापतात, कुठे ‘राह्यना’. घरात अहिराणी बोलणारासुद्धा ती डोळ्यांनी वाचताना अडतो आणि ‘अवघड आहे’ असा शेरा मारतो. पहिली दोन पाने मोठ्याने वाचली की कान पुढे होतो आणि डोळा मागून येतो. आणखी एक: बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांबद्दल लिहिताना त्यांची बोली सरसकट अहिराणी म्हणून टाकू नये. ती असोदे-जळगाव भागातली लेवा गणबोली. त्यांची प्रत घेताना मागे शब्दार्थ आहेत का ते पाहावे. मुद्रितशोधकाने ‘शुद्ध’ केलेले शब्द असतील तर चाल कशी मोडते, हे ओवी म्हणून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांची हजेरी ‘वाचक’ म्हणून धरायला हरकत नाही, पण त्यांचा रकाना वेगळा असावा. ती मुले बहुधा स्वतःचीच पुस्तके आणतात, त्यांना खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते. मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल एवढेच, की ती वाचून पुस्तकाच्या छपाईला नावे ठेवू नयेत. हक्क संपलेले बरेच साहित्य मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर उघडपणे मिळते.

दिवाळी अंकांबद्दल मात्र आपल्याकडे एक विनंती आहे. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हाचे राहू द्या, आजच्या खान्देशात दिवाळी कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत येते. ‘कोणते दिवाळी अंक वाचले?’ असे आपण नोव्हेंबरात विचारता, तेव्हा उत्तरे शहरातून येतात, आणि तीही बहुतेक मुखपृष्ठ व अनुक्रमणिका पाहून. शिवारातला वाचक अंक हातात घेतो तो जानेवारी उलटल्यावर. तोवर वाचनालयातल्या अंकाची बाहेरची चार पाने गेलेली असतात आणि अनुक्रमणिका त्यांच्यासोबत. म्हणून अंक आल्याबरोबर अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढून मधल्या पिनांजवळ ठेवावी. हा प्रश्न फेब्रुवारीत पुन्हा एकदा विचारावा, आणि अख्ख्या अंकावर नव्हे, एका लेखावर किंवा कथेवर, पान क्रमांकासह मत मागवावे.

सदराच्या कूपनात ‘पान क्रमांक’ आणि ‘आवृत्तीचे वर्ष’ अशा दोन चौकटी वाढवल्या तर जागा फारशी जाणार नाही. आणि ते कूपन शब्दकोड्याच्या पाठीमागे छापू नये. घरात कोडे सोडवणारा एक आणि पुस्तक वाचणारा दुसरा असतो. कात्री आधी ज्याच्या हाती लागते त्याचे साधते, दुसऱ्याचे पत्र त्या आठवड्यात येत नाही.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या वाचनालयांत देवघेव सांभाळणारे काही कार्यकर्ते