बर्फातला गॉगल : काळेपणा नव्हे, आकडा पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की पर्यटन पुरवण्यांत गुलमर्ग, औली, सोलंगच्या सहलींसाठी सामानाच्या याद्या येतात. हातमोजे, थर्मल, लोकरी टोपी आणि मग एकच शब्द : गॉगल. घोळ इथेच होतो. मराठीत उन्हाचा काळा चष्मा म्हणजेही गॉगल आणि फोमच्या कडेने चेहऱ्याला चिकटून बसणारा स्कीचा तो गॉगलच. मग कुणी समुद्रावर घालायचा चष्मा बर्फात नेतो, तर कुणी दुकानातला सर्वांत काळा तुकडा निवडतो.

स्कीच्या गॉगलची लेन्स निवडताना आधी आकडा पाहावा. समोरच्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश लेन्समधून डोळ्यांपर्यंत पोहोचतो, त्याला व्हीएलटी म्हणतात. त्यावरून लेन्सचे पाच वर्ग पडतात. एस ० मधून ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश येतो. ही जवळजवळ पारदर्शक लेन्स रात्रीसाठी. एस १ मधून ४३ ते ८०, एस २ मधून १८ ते ४३, एस ३ मधून ८ ते १८ आणि एस ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. वर्ग बहुधा पट्ट्यावर, फ्रेमवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. एस ४ ही उंचावरच्या हिमनद्यांवरील लख्ख उन्हासाठी आहे आणि ती लावून गाडी चालवणे धोक्याचे. हौशी पर्यटकाने तिच्या वाटेला जाऊ नये.

गुलमर्गचेच उदाहरण घ्या. गाव सुमारे २६५० मीटरवर, तर गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, वरचा टप्पा अफरवत शिखराच्या अंगावर जवळपास ३९५० मीटरपर्यंत जातो. खाली देवदारांची सावली, वर उघडा उतार. निरभ्र दिवशी वर एस ३ लागते. पण ढग उतरले की तीच लेन्स घात करते. ढगांतून प्रकाश सगळीकडून सारखा झिरपतो, सावल्या पुसल्या जातात आणि उंचवटा कोणता, खड्डा कोणता हे कळेनासे होते. स्कीवाले याला 'फ्लॅट लाइट' म्हणतात. अशा वेळी पिवळी, अंबर किंवा गुलाबी छटेची एस १ हवी. ती निळा प्रकाश काही प्रमाणात अडवते, त्यामुळे उरल्यासुरल्या सावल्या ठळक दिसतात. मात्र नसलेली सावली कुठलीच लेन्स निर्माण करू शकत नाही. सगळे पांढरेफटक झाले तर झाडांच्या कडेने सावकाश उतरावे किंवा थांबावे. झाडांची खोडे तेवढीच नजरेला आधार.

एकच लेन्स घ्यायची असेल, तर गुलाबी किंवा अंबर छटेची, २० ते ३० टक्के व्हीएलटीची एस २ घ्यावी. पहिल्यांदा शिकणारा बहुतेक वेळ खालच्या सौम्य उतारावरच असतो. त्याला ती पुरते. पुरवणीतल्या यादीत 'स्कीचा गॉगल, एस २, यूव्ही ४००' असे छापावे, ही विनंती.

यूव्ही ४०० म्हणजे सूर्याचे अतिनील किरण अडवणारी लेन्स. ती का? कारण काळेपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा संबंध नाही. चांगली पॉलिकार्बोनेटची लेन्स पारदर्शक असूनही हे किरण अडवते. उलट हलक्या प्रतीच्या काळ्या लेन्समागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत शिरतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, दर हजार मीटर उंचीला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ढगांमुळे पूर्ण अडत नाहीत. साध्या चष्म्याच्या बाजूंनी व खालून ते आत येतात. त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो : डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, पाणी, उजेड सहन न होणे. डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, अंधारात पडून राहावे. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरे वाटते. नाही वाटले तर डॉक्टर गाठावा.

ऊन पाहून आपोआप गडद होणाऱ्या फोटोक्रोमिक लेन्स महाग असतात, आणि थंडीत त्या पुन्हा फिक्या व्हायला वेळ घेतात. उन्हातून एकदम झाडीत शिरलात की पंचाईत. पोलराइज्ड लेन्स चकाकी मारते, पण कडक बर्फाचा इशारा म्हणजे ती चकाकीच!

चष्मा असणाऱ्यांनी 'ओटीजी' म्हणजे चष्म्यावरून बसणारा गॉगल मागावा. भाड्याने घेताना लेन्स दुहेरी आहे ना, फोम फाटलेला नाही ना आणि हेल्मेटखाली कपाळाची फट उरत नाही ना, हे पाहावे. गॉगल घामेजल्या कपाळावर सरकवून ठेवला की आतून वाफ धरते. आतल्या बाजूला वाफ रोखणारा नाजूक लेप असतो. बोटाने किंवा रुमालाने पुसला की तो जातो. बर्फ झटकावा, ओल मऊ कापडाने नुसती टिपून घ्यावी. रात्री गॉगल खोलीत मोकळा टांगावा. बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, मात्र नको, तिच्या धगीने लेन्स वाकडी होते.

आपला,
एक वाचक, पुणे