बाबा, दोरा धरून बघा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हा दोघांना माझ्याकडे लंडनला येताना आणि परतताना विमानाला वेगवेगळा वेळ का लागतो, हे काल फोनवर घाईत तुम्हाला धड सांगता आलं नाही. फोन ठेवताना तुमचा आवाज उतरलेला वाटला, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

तुम्ही तिकिटावरून हिशेब मांडलात. मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6:30 ला, म्हणजे साडेपाच तास. परतताना रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 10:30 ला मुंबई, म्हणजे साडेतेरा. पण तिकिटावर ज्या त्या गावाची वेळ छापतात. मे महिन्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, थंडीत साडेपाच. तो फरक धरलात की येताना दहा तास होतात आणि जाताना नऊ.

मधला एक तास वाऱ्यामुळे. विमान उडतं त्या उंचीवर, दहा-अकरा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. इकडे येताना तो समोरून लागतो, घरी जाताना पाठीशी असतो.

आणि तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत ना, ती इराक-सीरियावरून गेली असेल. माळ्यावरचा माझा पृथ्वीगोल काढा. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकेल आणि त्याचा मध्य जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ येईल. तीच जवळची वाट, साधारण 7,200 किलोमीटर. विमान मात्र हुबेहूब त्या दोऱ्यावरून येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे थोडा वळसा पडतो. तेव्हा पडद्यावर विमान वाकडं जाताना दिसलं तर काळजी करू नका.

आई, दहा तास म्हणजे आपल्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं कोल्हापूरहून मुंबईला लागतात जवळपास तेवढेच. फरक एवढाच की इथे बर्थवर आडवं होता येत नाही. तुला कडेची सीट घेतलीय. दर तासा-दीड तासानं उठून दोन फेऱ्या मार, नाहीतर पाय सुजतात. आतली हवा फार कोरडी असते, मागून मागून पाणी पी. दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर सांगून ठेवलीय, तिला नाही म्हणू नकोस, चालणं खूप आहे. साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव आणि त्या दिवशी कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचार. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत आपल्याच वेळेवर राहू दे.

लोणचं मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत चालत नाही. तूप आणि पेढे मात्र आणू नकोस. भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत, आणि तू कढवलेलं तूप कुणी काढून घेतलेलं मला बघवणार नाही.

तुम्ही बाहेर याल तेव्हा चांगलं ऊन असेल. मेअखेरीस इथे सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. देवापुढे दिवा आपण तेव्हाच लावू. निरांजन माझ्याकडे आहे, फुलवाती तेवढ्या आण.

तुमची,
मनी