केसाला धक्का लागला, तो क्षुल्लक कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यावरचा लेख वाचला. बी.ए.ला हे काव्य मला अभ्यासाला होते. पुढे मी पार्लर काढले, त्याला आता २२ वर्षे झाली. त्यामुळे कविता आणि केस, दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे. लेख आवडला, पण ‘एका बटेवरून झालेले क्षुल्लक भांडण’ हे शब्द त्यात तीनदा आले आणि तिन्ही वेळा खटकले. जिची बट कापली गेली, त्या काव्यनायिका बेलिंडाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवे, म्हणून हे पत्र.

मुळात प्रसंग खरा आहे. लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने ॲराबेला फर्मर या मुलीची बट तिला न विचारता कापून घेतली. काव्यातली बेलिंडा ती हीच, आणि बॅरन म्हणजे तो उमराव. दोन्ही घराणी कॅथलिक. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक मूठभर, कायद्याने दबलेले. सोयरीक करायची तर आपसातच. अशांत दोन घरांचे बोलणे बंद होणे म्हणजे काय, हे भावकीत वाढलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. दोन्हीकडे घरोबा असलेल्या जॉन कॅरिलने पोपला गळ घातली की, यावर काहीतरी गमतीचे लिही, हसता हसता मने जुळतील. १७१२ मध्ये दोन सर्ग छापले गेले, १७१४ मध्ये त्यांचे पाच झाले. शीर्षकातल्या ‘रेप’चा अर्थ तेव्हा बळाने हिरावून नेणे असाही होता. म्हणजे गुन्हा काय घडला, हे कवीने शीर्षकातच सांगून टाकले आहे!

आता केसांचे बोलू. बेलिंडाच्या मानेवर दोन बटा रुळतात, दोन्ही सारख्या. त्या तशाच उगवत नाहीत हो. चौथ्या सर्गात तिची मैत्रीण थॅलेस्ट्रिस विचारते, याचसाठी का तू केस कागदात बांधून ठेवलेस, तापल्या सळ्यांवर गुंडाळलेस, डोक्यावर शिशाचा भार सोसलास? वर्गात या ओळींना सगळे हसले होते. मी आज हसत नाही. लग्नाच्या सीझनला पहाटे पाच वाजता खुर्चीत बसलेली मुलगी, कानाशी आलेला कर्लिंग टाँग, त्याची धग लागू नये म्हणून तिने आक्रसलेला खांदा, हे मी रोज बघते. केस महिन्याला एखाद-सव्वा सेंटिमीटर वाढतात. मानेवर रुळणारी बट पुन्हा यायला दोन वर्षे तरी जातात.

माझेच सांगते. सातवीत मला दोन वेण्या होत्या, लाल रिबिनीच्या. मागच्या बाकावरच्या मुलाने कार्यानुभवाच्या कात्रीने डावी वेणी रिबिनीसकट कापली. चार बोटे गेली. बाई म्हणाल्या, “केसच आहेत, येतील परत.” घरी आईने मला ओट्याजवळ उभे केले, दोन्ही वेण्या पुढे घेऊन मापल्या आणि काही न बोलता उजवीही तेवढीच कापली. रडू आले ते त्या उजवीसाठी. पुढे कॉलेजात पोपची ओळ वाचली की, उरलेली बहीण-बट आता एकटीच बेढब बसली आहे आणि जोडीदारणीच्या नशिबात तिला आपलेही नशीब दिसते आहे. हा माणूस नुसती टिंगल करत नाहीये, हे मला त्या दिवशी कळले.

गंमत पाहा, बेलिंडाच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून पोपने वाऱ्याच्या पऱ्या नेमल्या आहेत. घागऱ्याच्या रक्षणाला पन्नास, लाडक्या बटेला एकटी क्रिस्पिसा! ऐन वेळी हजार धावून येतात, केस मागे फुंकतात, तिच्या कानातला हिरा तीनदा ओढतात. एक परी तर कात्रीत सापडून दुभंगते आणि पुन्हा जुळते. केसांना ती सोय नाही.

लेखातली एक चूकही दाखवायला हवी. बॅरनने कात्री खिशातून काढली, असे छापले आहे. ती त्याच्या हाती दिली तिथल्याच क्लॅरिसा नावाच्या बाईने. हीच क्लॅरिसा नंतर बेलिंडाला ऐकवते की, रूप टिकत नाही, हसून सोडून द्यावे. हे भाषण पोपने १७१७ मध्ये घातले. ते संपल्यावर कुणीही टाळी वाजवत नाही, हे त्याने आवर्जून लिहिले, म्हणून मला तो फार आवडतो.

आपल्याकडे स्त्रीच्या केसांना हात घालणे कधी क्षुल्लक ठरले? भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकात द्रौपदीची वेणी बांधली जाते ती दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या भीमाच्या हातांनी. बेलिंडाने चिमूटभर तपकीर बॅरनच्या नाकावर उडवली आणि केसातला आकडा उगारला, इतक्यावरच भागवले. किती सोशिक म्हणायची!

शेवटी बट काही सापडत नाही. ती आकाशात तारा होऊन चमकते आहे, असे पोप सांगतो. ओळी फार सुंदर आहेत, पण मानेवरची जागा रिकामी ती रिकामीच. माझ्या हाती न्याय असता, तर बॅरनला दोन वर्षे रोज रात्री बेलिंडाच्या केसांना कागद बांधायला बसवले असते. एक जरी बट वाकडी झाली, तरी पुन्हा पहिल्यापासून.

एक विनंती. थॅलेस्ट्रिसचे ते भाषण मराठीत करवून पुरवणीत छापा. मी ते कापून पार्लरच्या आरशाशेजारी लावीन.

आपली,
एक जुनी वाचक, कराड