ऑर्डरी आहेत, रोकड कुठे आहे?

महोदय,
नवउद्योजकांना जिद्दीचे धडे भरपूर मिळतात. खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा, हिशेब मात्र कोणी मांडून दाखवत नाही. समजा, माल गोदामात ३० दिवस राहिला, ग्राहकाची उधारी ६० दिवसांची आणि पुरवठादाराला पैसे १५ दिवसांत द्यायचे, तर ७५ दिवस पदरचा पैसा अडकतो. ऑर्डरी दुप्पट झाल्या की ही रक्कमही साधारण दुप्पट. म्हणूनच नफ्यातला धंदाही पगाराच्या तारखेला अडतो (ताळेबंद मात्र झकास दिसतो!). ऑर्डरसोबतच निदान ३० टक्के आगाऊ मागावेत. भिडेपोटी हेच राहून जाते. बिल माल पोचेल त्याच दिवशी पाठवावे, कारण उधारीचे दिवस बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजले जातात. शिवाय पुढच्या १३ आठवड्यांची पैशांची आवक-जावक दर सोमवारी नव्याने लिहावी.