पालेंकेहून पत्र

पालेंके, मेक्सिको

प्रिय नंदू,

मेक्सिकोत येऊन आठवडा झाला, पण पत्राला आज बसलोय. कारण आज जे बघितलं ते पेणच्या गणपतींच्या कारखान्यात वाढलेल्या माणसालाच सांगण्यासारखं आहे.

इथलं प्राचीन माया लोकांचं 'शिलालेखांचं देऊळ' म्हणजे नऊ टप्प्यांचा दगडी डोंगर आणि त्याच्या माथ्यावर पाच दारं. आत तीन मोठ्या शिळांवर ६१७ अक्षरचिन्हं कोरलीत, म्हणून हे नाव. पकाल राजाची ही समाधी. ६१५ साली, बारा वर्षांचा असताना गादीवर बसला, ६८३ साली गेला. उरलेलं काम पोरानं, कान बालामनं, पुरं केलं. खरी कमान कुठेच नाही. समोरासमोरच्या भिंतींचे दगड एकेक थर आत सरकवत आणलेत आणि वर झाकणाचा दगड ठेवलाय. त्यामुळे खोल्या बोळासारख्या अरुंद.

वर चढायला बंदी. दुर्बिणीतून खांब बघत बसलो. मधल्या चार खांबांवर माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात बाळरूपातला देव, त्याचा एक पाय म्हणजे साप! सगळं चुन्याचं काम. शेजारच्या राजवाड्याच्या खांबांवर हेच काम हाताच्या अंतरावर दिसतं, तिथे मी तासभर हललो नाही.

अरे, हे लोक आधी उघडं अंग घडवायचे. मग त्यावर कमरेचं वस्त्र, मग मणी, मग दागिने, एकावर एक चुन्याचे थर. झाकून जाणार हे माहीत असूनही खालची मांडी पूर्ण केलेली! वरचा थर गळलाय तिथे ती दिसते. पितांबराच्या चुण्या काढताना "आधी मांडी नीट कर, मग कापड," म्हणून काका तुझ्यावर ओरडायचे, ते आठवलं. रंग आता पुसट झालेत. माणसाच्या अंगाला लाल, देवाच्या वस्तूंना निळा.

थडग्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. अल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाला देवळाच्या फरशीत भोकं असलेली एक शिळा दिसली. ती उचलली तर खाली मुद्दाम दगडमातीनं बुजवलेला जिना. तो उपसायला चार हंगाम गेले, १९५२ साली तळाशी राजा सापडला, चेहऱ्यावर जेड या हिरव्या दगडाचा मुखवटा. जिन्याच्या कडेनं एक पोकळ नळी वरपर्यंत आणलीय, मेलेल्या राजाशी नातं तुटू नये म्हणून असावी.

थडग्यावरच्या झाकणाची प्रतिकृती संग्रहालयात आहे. राजा मागे रेललाय, खाली पाताळाचा जबडा, पोटावरून वर जाणारा विश्ववृक्ष, शेंड्यावर पक्षी. काही शहाण्यांनी याला रॉकेटमधला अंतराळवीर ठरवलं. पक्षी कुठे बसलाय तेवढं जरी बघितलं असतं तरी पुरे होतं.

त्या मांडीचा फोटो सोबत ठेवलाय, काकांना चष्मा लावून बघायला सांग. डोळ्यांची आखणी सुरू झाली का? काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या